आधी कंबर, मग खांदे

मी एक जुनी गोल्फची काठी आहे आणि मला डोकं नाही. हसू नका मित्रांनो. डोकं होतं मला, चांगलं गोलसर, तेल पाजलेलं, आरशासारखं चकचकीत. ते कसं गेलं हेच तर तुम्हाला सांगायचं आहे. सध्या मी बालफेर्डी गावातल्या एका घरात, दारामागे, दोन छत्र्यांच्या सोबतीने उभी असते. छत्र्या स्वभावाने बऱ्या आहेत, पण स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या छत्र्या त्या, सदा ठिबकत असतात.

माझा जन्म १८९८ सालच्या हिवाळ्यात एबेनेझर टॉश या कारागिराच्या दुकानात झाला. गाव त्यांना टॉशकाका म्हणायचं. माझा दांडा हिकरीच्या लाकडाचा. तो अमेरिकेहून जहाजाने आला होता. डोकं पर्सिमनचं, म्हणजे तुमच्याकडच्या टेंभुर्णीच्या भावकीतलं. टॉशकाकांनी डोक्याच्या पाठीत शिसं ओतलं, दांडा तिरपा तासून सरसाने डोक्याला जोडला आणि जोडावर डांबर लावलेला दोरा करकचून गुंडाळला. मग मला कानाशी धरून टिचकी मारली.

"खणखणीत आहे पोरगी," ते म्हणाले. "मारलेलं सोसेल. पिळलेलं सोसायची नाही."

बाळाच्या जन्माच्या वेळी असं काही बोलू नये. पण ते बोलले, आणि ते शब्द माझ्या लाकडात राहिले.

मला घेतलं मर्डो गेडिसने. मर्डो हेरिंग माशांसाठी लाकडी पिंपं बनवायचा. वय सत्तावीस, मनगटं खांबासारखी. आमच्या गावात गोल्फ हा काही श्रीमंतांचा खेळ नाही. गवंडी खेळतो, पाववाला खेळतो, जाळी विणणाराही खेळतो. वाळूच्या टेकड्या, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं आणि तोंडावर येणारा वारा, एवढं असलं की झालं. पण मर्डोसारखं कुणी खेळत नव्हतं.

मित्रांनो, काठी वर नेणं कुणालाही जमतं. माणसाची परीक्षा होते ती खाली आणताना. काठी वर गेली की खांदे पुरते वळलेले असतात, पाठ निशाणाकडे झालेली असते. उतावळा माणूस इथेच घात करतो. त्याला चेंडू दिसतो आणि तो आधी खांदे फेकतो. उजवा खांदा पुढे झेपावतो, काठी बाहेरून आडवी येते, माझ्यासारखीच्या अंगाला पीळ बसतो आणि चेंडू झुडपात जातो. मग तो माणूस काठीला शिव्या घालतो. नाचता येईना, अंगण वाकडं!

मर्डोचं तसं नव्हतं. वर गेल्यावर तो क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा. मग त्याचा डावा खुबा हलायचा. खांदे अजून मागेच, हात अजून वरच, आणि कंबर मात्र डावीकडे सरकून मागे वळायला लागलेली. मग त्या कमरेच्या ओढीने खांदे यायचे, खांद्यांच्या मागून हात, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. माझ्यापर्यंत येईतो त्या वळणाचा वारा झालेला असायचा. मला जोर लावावाच लागायचा नाही. चेंडू कधी गेला हे मला आवाजावरूनच कळायचं.

"कंबर म्हणजे यजमान," मर्डो शिकणाऱ्यांना सांगायचा. "आधी यजमान दार उघडतो, मग पाहुणे आत येतात. खांदे पाहुणे आहेत रे! दार उघडायच्या आधी आत घुसले तर कपाळमोक्ष होईल."

शिकवायची त्याची एक तऱ्हा होती. पिंपं ओढायचा दोर तो शिकणाऱ्याच्या कमरेला बांधायचा आणि स्वतः डावीकडे, जरा मागे उभा राहायचा. काठी वर गेली की दोराला एक हिसका. कंबर आपोआप आधी वळायची. त्याच्या मुलीला, एफीला, बारा वर्षांची असताना त्याने असाच दोर बांधला. पहिल्या हिसक्याला ती धपकन गवतात बसली.

"बाबा, मी काय पिंप आहे?" ती ओरडली.

"पिंपाला तरी सांगितलेलं कळतं," मर्डो म्हणाला. पण त्याच महिन्यात तिचा चेंडू शंभर पावलांच्या पुढे गेला.

या सगळ्याला साक्षीदार असायचा डॉड लम्सडन. उन्हाळ्यात बाहेरगावच्या पाहुण्यांच्या काठ्यांची पिशवी उचलायची आणि त्यांना सल्ले द्यायचे हा त्याचा धंदा. एरवी तो मर्डोचा लहानपणापासूनचा दोस्त. डॉडची नजर अशी की माणूस काठी वर नेतो न नेतो तोच हा सांगायचा, चेंडू कुठे पडणार. आणि तिथेच पडायचा. गावात कुणी भलतीच बढाई मारली की लोक म्हणायचे, "डॉडला विचारू का?"

आता आमच्या गावची एक रीत सांगते, कारण सगळा अनर्थ तिच्यातूनच झाला. दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी क्लबचा नवा कप्तान पदावर येतो. सकाळी आठ वाजता सगळ्या गावासमोर तो एकच चेंडू मारतो. बोटीवरची जुनी घंटा वाजते, आणि मैदानात पुढे उभे असलेले लोक त्या चेंडूवर झडप घालतात. ज्याला तो मिळेल त्याने तो कप्तानाच्या हातात नेऊन द्यायचा आणि कप्तानाने त्याला व्हिस्कीची बाटली द्यायची. साधी गंमत आहे. पण कोण किती लांब उभा राहतो, त्यावरून कप्तानाबद्दल त्याचं मत सगळ्या गावाला कळतं. त्या दिवशी तोंडाने काही बोलायचं नाही, पायांनी बोलायचं. लांब उभं राहणं हा मान, जवळ उभं राहणं ही चपराक.

एका वर्षी लठ्ठ पाववाला कप्तान झाला. लोक सत्तर पावलांवरच थांबले. तो पोट धरून हसला, सत्तर पावलांवरच चेंडू मारला आणि सगळ्यांना गरम पाव वाटले. दुसऱ्या एका वर्षी शाळेच्या हेडमास्तरांपुढे लोक पन्नासावरच थांबले. ते चेंडू मारून तडक घरी गेले. पुढच्या वसंतात मात्र गाव सोडून गेले. मर्डो त्या दिवशी डॉडला म्हणाला होता, "माझ्यापुढे कुणी असं उभं राहिलं ना, तर मी त्याच्याशी जन्मात बोलणार नाही." डॉडने नुसतीच पाइपची राख झटकली.

वर्षं गेली. लोक माझं कौतुक करायचे, मर्डो मला दर रविवारी जवसाचं तेल पाजायचा. दुकानांत पोलादी दांड्यांच्या काठ्या आल्या. माझ्या ओळखीच्या कितीतरी काठ्या माळ्यावर गेल्या, काही चुलीत गेल्या. मर्डोने मला सोडलं नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. आता वाटतं, सोडलं असतं तर बरं झालं असतं.

१९२७च्या थंडीत मला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी वर गेले, थांबले, आणि खाली यायची वाट बघत राहिले. यजमान उठलाच नाही. डावा खुबा जागच्या जागी अडकला. आणि मग खांदे आले, दार न उघडताच. माझ्या मानेला असा पीळ बसला की टॉशकाकांचे शब्द आठवले.

तीस वर्षं पिंपं उचलून मर्डोचा खुबा झिजला होता. घरी तो जिना उलटा उतरायला लागला, तोंड भिंतीकडे करून. एफीने ते पाहिलं.

"बाबा, डॉक्टरांकडे चला."

"वारा लागलाय नुसता. आणि हे बघ एफी, बाहेर एक अक्षर बोलायचं नाहीस. शपथ आहे तुला."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं चाललं होतं. तो आता लोकांबरोबर खेळेना. पहाटे एकटाच टेकड्यांमागे जायचा. मी वर, खुबा अडकलेला, खांदे पुढे, पीळ. पुन्हा वर, पुन्हा पीळ. एका सकाळी माझ्या मानेत, दोऱ्याच्या जरा वर, बारीक 'टिक्' झालं. मर्डोला ऐकू आलं नाही. मला आलं. मित्रांनो, स्वतःच्या अंगातली भेग ऐकणं यासारखी भीती नाही.

आणि १९२९च्या उन्हाळ्यात गावाने एकमताने मर्डोला कप्तान निवडलं. वय अठ्ठावन्न. लोकांना त्याचा तरुणपणचा फटका आठवत होता, दोनशे पावलांवरच्या पांढऱ्या खांबापलीकडे जाणारा. कुणाला काही ठाऊक नव्हतं.

पण तसंही म्हणता येणार नाही. ऑगस्टमध्ये तो मला टॉशकाकांकडे घेऊन गेला. म्हातारा आता अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. त्याने मला कानाशी धरलं, टिचकी मारली आणि डोळे मिटले.

"मर्डो, ही फुटलीय."

"दगडावर लागली एकदा. दोरा गुंडाळून द्या काका. चार बोटं वरपर्यंत."

"दोऱ्याने भेग झाकते बाबा, सांधत नाही. हिला आता भिंतीवर टांग. सप्टेंबरला दुसरी घे, मी देतो."

"मी हिच्यानेच मारणार. गावाला माझा फटका बघायचाय, तुमची नवी काठी नव्हे."

टॉशकाकांनी भेगेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी दोरा घेतला. "नीट मारलास तर एक फटका सोसेल ती," ते म्हणाले. "तू तर नीटच मारतोस." त्यांना खुब्याची कल्पना नव्हती. खुबा एफीला ठाऊक होता, तिला भेग ठाऊक नव्हती. आणि दोन्ही ठाऊक असलेली मी, मला तोंड नव्हतं. डांबराचा काळा दोरा माझ्या भेगेवरून फिरत राहिला आणि मी आतल्या आत ओरडत होते. शेवटी मी इतकी छान दिसायला लागले की मर्डोने शीळ घातली.

आदल्या दिवशी दुपारी डॉड पिंपांच्या कारखान्यात आला. एका उलट्या पिंपावर बसला, खिशातून भाकरीसारखी ओटची चकती काढली, अर्धी मर्डोला दिली.

"या वर्षी तब्येत बरी नाही म्हणून सांग ना," तो सहज म्हणाला.

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?"

"काही नाही. तू पिंप डाव्या पायाने ढकलायचास, आता उजव्याने ढकलतोस."

मर्डोचा हात थांबला. "तुला लेका दुसऱ्याच्या पायांवर नजर ठेवायचे पैसे मिळतात, म्हणून सगळीकडे तेच दिसतं."

"असेल."

"उद्या तू कुठे उभा राहणार आहेस?"

"चेंडू जिथे पडेल तिथे," डॉड म्हणाला. "आजवर दुसरीकडे कुठे उभा राहिलोय?"

मर्डो हसला. त्याने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. डॉड हसला नाही. त्याने हातावरचा चुरा झटकला आणि तो गेला. मी कोपऱ्यात उभी होते. तो बसला होता त्या पिंपाकडे बघत राहिले.

शनिवारी आभाळ खाली आलं होतं. वारा पडला होता आणि समुद्र अजिबात आवाज करत नव्हता. आमच्या किनाऱ्यावर वारा पडला की म्हाताऱ्या बायका घरातली खिडकी लावून घेतात. सगळं गाव जमलं होतं. मर्डोने कप्तानाचा लाल कोट घातला होता आणि तो न लंगडता चालत आला. ती वीस पावलं त्याला किती महाग पडली, हे त्याच्या मुठीतल्या मलाच कळलं. तळहात घामाने निथळत होता.

लोक मैदानात पुढे गेले. शंभर, दीडशे, पांढऱ्या खांबापर्यंत. काही तर खांबाच्याही पलीकडे जाऊन उभे राहिले. मर्डोचा ऊर भरून आला. एफी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी उभी होती, ओठ आवळून.

डॉड सगळ्यांच्या मागून निघाला. दोन्ही हात खिशात. साठ पावलं चालला, इकडेतिकडे पाहिलं, दोन पावलं डावीकडे सरकला आणि वळून उभा राहिला.

गावात कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. "डॉड, चष्मा विसरलास का रे?" असं लांबून कुणी ओरडलं आणि लगेच गप्प झालं. डॉड हलला नाही. तो मर्डोकडे बघत होता. त्या बघण्यात चेष्टा नव्हती, मित्रांनो. मी शपथेवर सांगते, नव्हती. 'कळलंय मला, आता तरी हस आणि साठावर मार,' एवढंच होतं त्यात. पाववाल्याने मारला होता तसा.

मर्डोच्या मुठी माझ्यावर अशा आवळल्या की दांड्याला गुंडाळलेलं कातडं करकरलं.

"बाबा," एफी हळूच म्हणाली, "हळू मारा."

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही. मर्डोने मला वर नेलं, कधी नव्हे इतकं वर. मी तिथे वाट बघितली. एकदा, एकदाच उठ रे यजमाना, असं मी त्या खुब्याला विनवलं. तो उठला नाही. त्याच्याऐवजी राग उठला. खांदे आले, दोन्ही, सगळ्या ताकदीनिशी. माझा दांडा पिळत गेला, काळ्या दोऱ्याखाली भेग उघडली, आणि चेंडूला लागता लागता माझं डोकं माझ्यापासून सुटलं.

घंटा वाजवणाऱ्याने घंटा वाजवली. त्याला काही दिसलं नव्हतं.

चेंडू गवतातून घसरत निघाला. त्याच्या आधी, त्याच्या वरून, शिसं भरलेलं माझं डोकं गेलं. डॉडची नजर चेंडूवर होती. तीस वर्षं ती चेंडूवरच होती. तो खाली बसला तो अगदी सावकाश, जणू बुटाची नाडी बांधायला बसावं तसा. मग त्याने हात चेहऱ्यावर घेतला आणि बोटांतून रक्त आलं.

लांब उभे असलेले सगळे धावत सुटले, पण ते लांब होते. मानाने लांब गेले होते. आधी एफी पोचली. तिच्या मागून मर्डो निघाला. सगळ्या गावासमोर, लाल कोटात, एक पाय ओढत, वाकडा, प्रत्येक पावलाला कण्हत. माझा तुटका दांडा त्याच्या हातातच होता आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला त्याने मला जमिनीवर टेकलं. त्याला ते कळलंही नसेल. ती साठ पावलं कधी संपणारच नाहीत असं मला वाटलं.

डॉडचा एक हात डाव्या डोळ्यावर होता. दुसऱ्या हाताने तो गवत चाचपत होता.

"मर्डो आला का?" त्याने विचारलं.

"आलो," मर्डो म्हणाला.

"चेंडू माझ्या पायाशी आहे की नाही, तेवढं बघ रे."

चेंडू त्याच्या बुटाला टेकून थांबला होता.

डावा डोळा गेला. काहीही केलं तरी वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मर्डोने लाल कोट त्याच दिवशी परत दिला. टॉशकाकांनी दुकान बंद केलं. "मी दोरा गुंडाळला," एवढंच ते येईल त्याला सांगायचे, आणि पुढच्या उन्हाळ्यात वारले. माझं डोकं कुणी उचललं, कुठे टाकलं, मला ठाऊक नाही. मी विचारूही शकत नाही.

महिनाभराने डोळ्यावर पट्टी बांधलेला डॉड मर्डोच्या दारात आला. मर्डो खुर्चीतून उठेना, वर बघेना. डॉडने कोपऱ्यातून मला उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"घे काठी," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वीच घ्यायला हवी होतीस. चल, पाय मोकळे करून येऊ. आणि डावीकडून चाल, त्या बाजूचं मला दिसत नाही."

पुढची अकरा वर्षं मी तेच काम केलं. मर्डो डॉडच्या डाव्या बाजूने चालायचा आणि मी दोघांच्या मधे टकटक करायची, म्हणजे डॉडला कळायचं की मर्डो तिथेच आहे. ते फारसं बोलत नसत. माझ्या आयुष्यातली तीच वर्षं चांगली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण आहेत तीच. आता दोघंही नाहीत. एफी म्हातारी झाली आहे. ती मला अजून जवसाचं तेल लावते आणि भेगेच्या जागेवरून बोट फिरवताना थांबते.

त्या शनिवारनंतर क्लबने नियम केला की कप्तानाच्या पुढे दोनशे पावलांच्या आत कुणीही उभं राहायचं नाही. लोक म्हणाले, बरं झालं, आता कुणाला इजा व्हायची नाही. दर सप्टेंबरला घंटा वाजते. सगळे लांब, खांबापाशी उभे असतात आणि चेंडू कुठेही पडला तरी टाळ्या पडतात. दारामागून मला त्या ऐकू येतात. मग माझ्या मनात येतं, आजच्या कप्तानाचा खुबा अडकत असेल तर त्याला कोण सांगणार? सांगायची जागाच आता रिकामी ठेवली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, त्यांना पावसात टाकू नका, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगते की भेग दिसली तर तिच्यावर दोरा गुंडाळू नका. आणि सगळे मानाने लांब गेले असताना एखादा तुमच्या जवळ येऊन उभा राहिला, तर खांदे फेकू नका. थांबा. त्याच्याकडे नीट बघा. त्याला दोन्ही डोळे आहेत तोवर बघा.